सोनं धुवायचं ताट: चार रविवार वापरून

वाळू-मातीतून सोन्याचे कण वेगळे करायला ऑनलाइन मागवलेलं १४ इंची हिरवं प्लास्टिकचं ताट. नांदेडला गोदावरीची वाळू धुतली, तर तळाशी उरली नुसती काळी लोहवाळू, चुंबकाला चिकटणारी. आपला दगडच बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा, त्यात सोनं कुठलं! मग सराफ्यातल्या मामांच्या दुकानाची झाडलोट आणली. पाण्यात हलवत, तिरकं धरून माती जाऊ दिली. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते ताटाच्या खाचांत बसतं. चौथ्या धुण्याला मोहरीहून बारीक तीन कण चमकले! हिरव्यावर पिवळं लगेच दिसतं बघा. नवं ताट आधी राखेनं घासा. तेलकटपणा राहिला तर बारीक कण तरंगून जातात. रायचूरकडच्या हट्टी गावच्या सोन्याच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर मात्र नेऊ नका, तिथं सायनाइड वापरतात. सोबतची कण ओढायची बाटली दुसऱ्याच दिवशी गळायला लागली.