डायलिसिस चालू असताना ऐकलेलं मराठी ऑडिओ बायबल : पाचपैकी चार तारे

डायलिसिसच्या वेळी फिस्टुलाचा हात, म्हणजे ज्याच्या शिरेत सुया टोचलेल्या असतात तो, चार तास हलवायचा नसतो. उरलेल्या एका हाताने जाडजूड बायबल धरून पानं उलटणं काही जमत नाही. त्यात बीपी उतरलं की अक्षरं अंधुक होतात. म्हणून मी हे अ‍ॅप घेतलं आणि आता त्याच्याशिवाय मशीनवर जात नाही. माझ्यासारखे आजारी लोक आणि त्यांची सेवा करणारे, यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वाचन. वाचणारा घाई करत नाही, गळा काढत नाही, उपदेशाचा सूर लावत नाही. नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचे चारही अध्याय साधारण पाव तासात होतात. ते एका बैठकीत ऐका, असं मी प्रत्येकाला सांगते. पौलाची पत्रं मुळात मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठीच होती. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी त्याने तसं स्पष्ट लिहिलं आहे. नव्या करारात आज आपण पाहतो ते वचनांचे आकडे तर 1551 साली छापले गेले. तेव्हा कानाने ऐकणं म्हणजे दुय्यम भक्ती, असं कोणी मानू नये.

मला न पटलेली सोय म्हणजे रोजचं वचन. सकाळी मोबाइलवर एकच ओळ येते आणि बऱ्याचदा ती असते फिलिप्पै 4:13, सामर्थ्य देणाऱ्या ख्रिस्तामुळे मी सर्व काही करू शकतो ही. आजारी माणसाला हे वचन किती जणांनी ऐकवलेलं असतं! रात्रभर पोटऱ्यांत गोळे आलेले असताना ती सुटी ओळ वाचली, की आपलाच विश्वास कमी पडतोय असं वाटायला लागतं. पण तेच दहाव्या वचनापासून ऐका. पौल कैदेत आहे. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो, असं तो म्हणतो. म्हणजे त्यालाही शिकावंच लागलं. भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई, दोन्हींची तो नावं घेतो. आणि तेराव्याच्या लगेच पुढे, चौदाव्या वचनात म्हणतो की तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे फार चांगलं केलंत. ख्रिस्तात समाधानी असलेल्या या माणसालाही सोबत हवी होती, मदत आल्याचा आनंद झाला होता. मला धीर येतो तो इथे. रोजच्या वचनाचं नोटिफिकेशन मी बंदच करून टाकलं.

याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत येतो. तो बरा झाला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल मोकळेपणाने लिहून जातो. आनंद करा, आनंद करा म्हणणारा हाच माणूस!

शेअर करण्याची सोय मात्र उत्तम. वचनांवर बोट ठेवून हवा तेवढाच भाग आवाजासकट पाठवता येतो. शेजारच्या खाटेवरच्या ताई दिवसाला मोजून मिळणाऱ्या पाण्याने फार हैराण असायच्या. काय बोलावं ते मला सुचेना, कारण तहान मलाही तेवढीच लागते. त्यांना विचारून योहानाचा एकोणिसावा अध्याय पाठवला. त्यात वधस्तंभावरून प्रभू येशू म्हणतो, मला तहान लागली आहे. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "त्यालापण?" पुढच्या पाळीला त्यांनी स्वतःहून हेडफोन आणला. तहान दोघींची तशीच आहे, पण आता आम्ही ऐकतो एकत्र.

एक तारा कापला तो स्तोत्रसंहितेमागच्या संगीतासाठी. स्तोत्र 88 ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवापुढे मांडलेली तक्रार आहे, ते संपतंही अंधारात. तिथे मागे गोड बासरी कशाला? रडणाऱ्याला रडू द्यावं. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, त्यांचं तेवढं तरी बरोबर होतं. संगीत बंद करण्याचं बटण अ‍ॅप बनवणाऱ्यांनी द्यावं, ही कळकळीची विनंती.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पुस्तकं घरीच डाउनलोड करून ठेवा, डायलिसिसच्या खोलीत नेटवर्क दगा देतं. आणि टायमर लावा, नाहीतर डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा वाचन पार पुढच्या पत्रात पोचलेलं असतं. हेडफोन एकाच कानात घालावा. मशीनचा अलार्म आणि सिस्टरची हाक ऐकू यायला हवी.