सापकांद्याचे कंद: सिंहगड रस्त्यावरच्या रोपवाटिकेतील खरेदी

सिंहगड रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत यंदा सापकांद्याचे, म्हणजे नागाच्या फण्यासारखे फूल येणाऱ्या कंदवर्गीय झाडाचे, कंद विक्रीस आले आहेत. कंद घट्ट, बुरशीमुक्त आणि कोरड्या भुशात नीट बांधलेले होते, त्यामुळे मालाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हिमालयीन जातींवर लावलेल्या ‘कोणत्याही हवामानात वाढते’ या चिठ्ठीबद्दल. पालापाचोळ्याच्या थराखाली, गोठवणाऱ्या थंडीवाऱ्यापासून सुरक्षित पण गारव्यात राहून हिवाळाभर सुप्तावस्थेत पडून राहणाऱ्या या कंदांना पुण्यातला डिसेंबर पुरेसा गार नाही आणि एप्रिलमध्ये तापणारी गच्चीवरची कुंडी तर सोसवणारच नाही. शिमला-मनालीकडे बाग असणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत, तेही १० ते १५ सेंटिमीटर खोल आणि निचऱ्याच्या मातीत लावण्यासाठी.

आपल्याकडे सह्याद्रीतला पांढरा सापकांदाच बरा. पावसाच्या आरंभी त्याचा फण्यासारखा फुलोरा वर येतो, पावसाळा सरल्यावर पान पिवळे पडते आणि मग पाणी बंद करायचे, हे विक्रेत्यांनी अगत्याने समजावले. लहान कंदाला नरफुले आणि चांगल्या पोसलेल्याला मादीफुले येतात, हेही त्यांनीच सांगितले. (याच कुळातल्या शेवळाच्या रानभाजीवर जीव असणाऱ्यांनी हा कंद मात्र चाखू नये; घसा भयंकर खवखवतो.) भाव चढा आहे, पण रोपवाटिकेतच वाढवलेला कंद मिळत असेल तर जंगलातून उपटलेल्यापेक्षा तोच घ्यावा.