स्किझोफ्रेनियात तोंड-जीभ आपोआप हलते: ई, बी-६, गिंको की आहारात बदल?

स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवरच्या अँटिसायकोटिक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यावर काहींची जीभ, ओठ, जबडा आपोआप हलू लागतो. हा टार्डिव्ह डिस्कायनेशिया. मग घरचे विचारतात, खाण्यात काही बदलून फरक पडेल का?

सर्वांत जास्त नाव ऐकू येतं जीवनसत्त्व ई चं, आणि निराशाही तेच करतं. १९९९ च्या अमेरिकी चाचणीत १५८ रुग्ण होते. काहींना रोज १६०० युनिट, काहींना नुसती दिखाऊ गोळी, दोन वर्षांपर्यंत. फरक दिसला नाही. हालचाली आणखी वाढू नयेत इतपत उपयोग असेलही, पण असलेल्या कमी होतील ही आशा नको.

बी-६ चं पारडं जड आहे. इस्रायलमध्ये २००७ च्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅमने हालचाली बऱ्याच कमी झाल्या. रुग्ण मात्र थोडेच होते. शिवाय शरीराची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्याही आत, म्हणजे हे पोषण नव्हे, औषधच. मोठे डोस लांबले तर नसांना इजा होते, हातपाय बधिर पडतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच.

गिंको या झाडाच्या पानांचा अर्क २०११ च्या चिनी चाचणीत उपयोगी ठरला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका.

रोजच्या जेवणातला कुठलाही पदार्थ या हालचाली घालवतो, असं सिद्ध झालेलं नाही. मधुमेहाने धोका वाढतो, म्हणून साखर आटोक्यात ठेवणं मोलाचं. कॉफीकडे मात्र लक्ष हवंच: तिने हातांची थरथर आणि बेचैनी वाढते, क्लोझापिन या अँटिसायकोटिक औषधाचं रक्तातलं प्रमाणही चढतं. कमी करायची तर हळूहळू आणि डॉक्टरांना सांगून. ग्रेपफ्रूटमुळे क्वेटियापिन आणि लुरासिडोन या अशाच औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

माझं मत विचाराल तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. डोस किंवा गोळी बदलता येते, आणि व्हॅल्बेनाझिन व ड्युटेट्राबेनाझिन या दोन औषधांना अमेरिकेत २०१७ मध्ये याचसाठी मान्यता मिळाली. बी-६ चा विषयही तिथेच काढा. गोळ्या मात्र एकदम बंद करू नका. आजार उलटतो, हालचालीही वाढू शकतात. आणि नेमका त्रास कोणता, हे ठरवून घ्या. थरथर आणि ताठरपणावर दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल जिभेच्या या हालचाली वाढवू शकतं.