३९९ रुपयांत स्टीमची की: धुळ्यातला अनुभव, गेमर पोरांनी वाचावा असा

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाची की (गेम आपल्या खात्यात आणणारा कोड) विकणारा जर म्हणाला, "भाई, पहले पॉवरशेल अ‍ॅडमिन में खोलो, फिर ये लाइन पेस्ट करो," तर चॅट तिथेच बंद करा. (पॉवरशेल म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायची खिडकी, अ‍ॅडमिन म्हणजे पूर्ण अधिकाराने.) पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. खऱ्या कीला कसलीही कमांड लागत नाही, अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही. पाच-पाच अक्षरांचे तीन गट आणि मध्ये डॅश, एवढीच ती असते. स्टीम उघडायचं, खाली डावीकडे 'अ‍ॅड अ गेम'मध्ये जाऊन टाकायची, झालं.

आता सविस्तर सांगतो, कारण या प्रकाराबद्दल आपल्याकडे अजून फारसं कुणी उघड बोलत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३'ने गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमसकट नऊ पुरस्कार उचलले. आमच्या ग्रुपमध्ये (आम्ही दोघे-तिघे धुळ्याचे, एक जळगावचा, एक पुण्यात नोकरीला गेलेला) तोवर त्या गेमला कुणी विचारत नव्हतं. टर्न बेस्ड (आळीपाळीने वार करायचा) म्हणजे म्हाताऱ्यांचा गेम, असं एकाचं ठाम मत. पुरस्कार आले आणि एका रात्रीत सगळ्यांना तोच खेळायचा होता. यूट्यूबवर जो तो शेवट फोडून बसलेला. आता गेम नंतर मी रीतसर घेऊन खेळलोय, म्हणून बोलतो: गेम खरंच त्या लायकीचा आहे. दरवर्षी एक बाई आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. पहिल्या तासाभरातच बंदरावरचा तो प्रसंग येतो आणि आपण कंट्रोलर खाली ठेवून नुसते बघत बसतो. आणि टर्न बेस्ड असला तरी शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवायचा असतो, त्यामुळे झोपा काढत खेळण्यातला नाही.

पण गेम महाग असतात, हे खरं दुखणं आहे. सोनीचे 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'सारखे गेम पीसीवर ३,९९९ रुपयांना आले. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोराची ही आठवड्याची कमाई. त्यात नवा मोठा गेम पहिल्या दिवशी धड चालेल याची खात्री नाही. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२०मध्ये अशा अवस्थेत आला की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. 'कॉन्कॉर्ड' ऑगस्ट २०२४मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. निदान पैसे तरी परत मिळाले. सप्टेंबर २०२५चा 'बॉर्डरलँड्स ४' पीसीवर अडखळत चालतो म्हणून लोक ओरडत होते. उलट त्याच महिन्यात 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' आला, तो मूठभर लोकांच्या ऑस्ट्रेलियन टीमने बनवलेला, मोठ्या गेमच्या मानाने अगदी स्वस्त, आणि त्याच्या गर्दीने स्टीमचं स्टोअरच झोपलं. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी गेम घ्यायची घाई ही कंपन्यांनी आपल्या डोक्यात भरलेली आहे. फसवणाऱ्याचं दुकान याच घाईवर चालतं.

तर मला तो टेलिग्राम चॅनेल मिळाला तो एका गेमिंग ग्रुपमधूनच. "एक्स्पिडिशन ३३, स्टीम की, लाइफटाइम, ३९९." वर 'ट्रस्टेड सेलर'ची पाटी आणि खाली व्हाउचचा ढीग. व्हाउच म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेली पावती, "भाई मिल गया, लेजिट है" अशा चॅटचे स्क्रीनशॉट. या धंद्यात सगळा भरवसा या व्हाउचवर चालतो. नंतर ते मी एकेक मोठे करून पाहिले. पाच वेगवेगळ्या लोकांच्या फोनची बॅटरी ४१ टक्के, आणि पाचही फोनवर नेटवर्कचे बारही तेवढेच.

मी विचारलं की एवढं स्वस्त कसं. उत्तर तयार होतं: "भाई, दूसरे देश की की है, वहाँ सस्ता मिलता है." हे पटतं, कारण अर्धं खरं आहे. स्टीमवर देशानुसार भाव वेगळे असतात आणि बाहेर की विकणाऱ्या साइट आहेतच. पैसे यूपीआयने गेले, ते कुठल्यातरी परराज्यातल्या किराणा दुकानाच्या नावावर. गेमवाल्याचं खातं किराणा दुकानाचं कसं, असं विचारल्यावर म्हणाला, "बिझनेस अकाउंट है."

की आली. दिसायला बरोबर, पाच-पाच-पाच. टाकली तर स्टीम म्हणालं चालत नाही. लगेच त्याचा मेसेज: नव्या विंडोजमध्ये आधी स्टीम 'अपडेट' करावं लागतं, ही एक ओळ टाका. निळी खिडकी उघडली, एक ओळ पेस्ट झाली, पांढरी अक्षरं भराभर वर सरकली, शेवटी हिरव्या अक्षरांत 'सक्सेस'. स्टीम आपोआप बंद होऊन परत उघडलं. आता तीच की टाकली आणि ती चालली! गेम लायब्ररीत आला. डाउनलोडसुद्धा स्टीमच्याच सर्व्हरवरून सुरू झाला, पन्नास जीबीच्या वर. संशय घ्यायला जागाच कुठे राहते?

नेमकं काय झालं होतं ते माझ्या पुण्यातल्या मित्राने नंतर उलगडून सांगितलं. ती ओळ कुठल्यातरी सर्व्हरवरून प्रोग्राम ओढून घेते आणि तुमच्या परवानगीने, अ‍ॅडमिन म्हणून, चालवते. तो प्रोग्राम स्टीमच्या फोल्डरमध्ये स्वतःची फाइल ठेवतो. मग तुमच्या पीसीवरचं स्टीम तुमच्याशी खोटं बोलायला लागतं: की खरी, गेम तुमचा. स्टीमच्या खऱ्या खात्यात मात्र तो गेम कुठेच नसतो. तपासायचं असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये स्टीमला लॉगिन करा, अकाउंट डिटेल्समध्ये जा आणि लायसन्स व प्रॉडक्ट की अ‍ॅक्टिव्हेशनची यादी उघडा. घेतलेला गेम त्या यादीत नसेल तर तो तुमचा नाही, पीसीवर कितीही छान चालू दे.

काही संध्याकाळ खेळून झाल्या. मग एक दिवस स्टीमचा अपडेट आला आणि 'प्ले'च्या जागी 'पर्चेस' बटण. त्याला लिहिलं तर म्हणे दोनशे रुपयांत रिन्यू होईल. 'लाइफटाइम'चं काय, असं विचारलं आणि ब्लॉक झालो. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं, चारशे रुपये गेले म्हणून सोडून दिलं असतं.

दोन दिवसांत जळगावच्या मित्राचा फोन. "भो, तू मला टीमला व्होट द्यायला सांगितलं, मी लॉगिन केलं, माझा चाकू गेला!" चाकू म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक २' या गेममधली स्किन, म्हणजे हत्याराचं सजवलेलं रूप, जिला बाजारात खऱ्या पैशांची किंमत असते. मी त्याला काहीच पाठवलं नव्हतं. माझ्या डिस्कॉर्डवरून (गेमर लोकांचं चॅट अ‍ॅप) माझ्या सगळ्या मित्रांना इंग्रजीत मेसेज गेला होता, खाली लिंक. लिंकवर हुबेहूब स्टीमचं लॉगिन पान. धुळ्याच्या दुसऱ्या मित्राने ती उघडलीच नाही; आपल्यात इंग्रजीत कोण बोलतं, असं म्हणून त्याने मलाच शिव्या घातल्या. जळगाववाला कामात होता, त्याने फोनवर मंजुरीही देऊन टाकली.

माझा पासवर्ड कुणाला दिला नव्हता, ओटीपी सांगितला नव्हता. तरी हे कसं झालं? आपण स्टीम, डिस्कॉर्ड, जीमेलला रोज पासवर्ड टाकत नाही. एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक टोकन जपून ठेवतो आणि पुढे तेच दाखवतो. चोर ते टोकनच उचलतो. मग त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही येत नाही. विकणाऱ्याला माझे ३९९ रुपये तर मिळालेच, पण त्याला खरं हवं होतं ते हे. विंडोज डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर 'एक्स्क्लुजन'मध्ये आख्खी सी ड्राइव्ह टाकलेली. म्हणजे पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की या घराकडे बघायचंच नाही.

वडिलांना सांगितलं तेव्हा मला वाटलं कॉम्प्युटरचं त्यांना काय कळणार. आमची शिंदखेडा तालुक्यात कापसाची शेती आहे. ते शांतपणे म्हणाले, "बोगस बियानं शे ते. पिशवीवर नाव मोठी कंपनीनं ऱ्हास, मझार काय शे ते पेरावरच समजस." म्हणजे पिशवीवर नाव मोठ्या कंपनीचं, आत काय आहे ते पेरल्यावरच कळतं. या बनावट कीचं इतकं नेमकं वर्णन मला अजून कुठल्या व्हिडिओत सापडलेलं नाही.

कुणावर अशी वेळ आली तर क्रम महत्त्वाचा आहे. त्या पीसीवरून पासवर्ड बदलू नका, तो नवा पासवर्डही चोरालाच मिळेल. आधी नेट काढा. फोनवरून, किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून, ईमेलचा पासवर्ड बदला, मग स्टीम, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. पासवर्ड बदलला तरी जुनं टोकन काही ठिकाणी जिवंत राहतं. मग विंडोज पूर्ण नव्याने टाका. मी अँटिव्हायरस स्कॅनवर भागवायला बघत होतो, पुण्याच्या मित्राने भागवू दिलं नाही ते बरं झालं.

चॅटचे स्क्रीनशॉट मात्र पहिल्या मिनिटाला घ्या. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचं चॅट पुसू शकतो, आणि त्याने पुसलंच. माझ्याकडे उरला तो बँकेच्या अ‍ॅपमधला व्यवहार क्रमांक आणि चॅनेलचे दोन फोटो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवली. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका. त्याच खात्यावर अनेकांच्या तक्रारी जमल्या तरच ते खातं नजरेत येतं.

जळगाववाल्याचा चाकू परत आला, हे यातलं एकच सुख. जुलै २०२५पासून 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये दिलेली वस्तू सात दिवस संरक्षित राहते आणि तेवढ्यात ट्रेड उलटवता येतो. त्याने खातं ताब्यात घेतलं, उलटवला. बदल्यात महिनाभर त्याला कुणाशी ट्रेड करता येणार नव्हता, त्याबद्दल तो मला अजून ऐकवतो. ऐकवू दे.

आपल्या गेमिंग जमातीबद्दल एक बोलायचंय. कुणी गेम पूर्ण पैसे देऊन घेतला की त्याला "अमीर" म्हणून चिडवायचं, आणि कुणी स्वस्तात घेताना फसला की "नूब" (नवखा) म्हणून हसायचं. मी ज्या ग्रुपमधून हा चॅनेल घेतला तिथे अनुभव टाकला, तर पहिल्या काही उत्तरांत हसणाऱ्या इमोजी होत्या आणि मग तिघांनी खासगीत सांगितलं, "माझ्याशीही हेच झालं, बोललो नाही." हे तिघं आधी बोलले असते तर? त्या सेलरचे व्हाउच बनावट होते, पण या शांततेने त्याला खरेखुरे व्हाउच मिळवून दिले. दुसरीकडे मोठे स्ट्रीमर गिव्हअवेच्या नावाखाली कुठल्याही साइटचा प्रचार करतात आणि बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणारी नववी-दहावीची पोरं अर्ध्या भावात यूसी (त्या गेममधलं चलन) मिळेल म्हणून आयडी-पासवर्ड देऊन बसतात. त्यांना तरी कोण सांगणार?

स्वस्तात खेळायचे सरळ रस्ते आहेत. एपिक हे दुसरं ऑनलाइन गेम-दुकान दर आठवड्याला फुकट गेम देतं. मे २०२०मध्ये त्यांनी 'जीटीए फाइव्ह' दिला होता. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. स्टीम फॅमिलीजमध्ये घरातले सहा जण लायब्ररी वाटून घेऊ शकतात. 'एक्स्पिडिशन ३३' तर पहिल्या दिवसापासून गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीत, होता, हे मला कळलं तेव्हा डोक्याला हात लावायची वेळ आली. हां, स्टीमवर आहे म्हणजे डोळे झाकून घ्या असंही नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये 'पायरेटफाय' नावाच्या एका फुकट गेममध्येच माहिती चोरणारा प्रोग्राम निघाला आणि स्टीमला तो काढावा लागला.

तो चॅनेल आता नव्या नावाने 'जीटीए सिक्स पीसी बीटा, ७९९' विकतोय. हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने 'जीटीए सिक्स'ची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ जाहीर केली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी. पीसीचं नावच त्यात नाही, मग बीटा, म्हणजे आधीची चाचणी आवृत्ती, कसली? धुळ्यातल्या आमच्या देवपुरातला एक अकरावीतला पोरगा त्यासाठी पैसे जमवत होता. त्याला रॉकस्टारच्या साइटवरची प्लॅटफॉर्मची ओळ दाखवली. तो म्हणाला, "पण भाऊ, चॅनेलवर एवढ्या जणांनी घेतलंय ना?" मग ते व्हाउच त्याला एकेक करून मोठे करायला लावले आणि म्हटलं, वरच्या कोपऱ्यात बघ.