सेलेनियमयुक्त खत : तीन हंगामांनंतर जमिनीतल्या शिलकीचा हिशेब

सेलेनियम हे जनावरांना अगदी थोडे, पण लागतेच असे खनिज. चाऱ्याच्या शेतात सेलेनियमयुक्त दाणेदार खत पहिल्यांदा टाकले, त्याला आता तीन हंगाम झाले. चाऱ्यात सेलेनियम कमी पडल्याने वासरांचे स्नायू पांढरे पडून ती उभी राहीनाशी झाली, तेव्हा पशुवैद्यांच्या सल्ल्याने ते घेतले होते. त्या कामाला खत पुरेपूर उतरले. आजार पुन्हा दिसला नाही. माझी तक्रार शिलकीबद्दल आहे.

“एकदा टाकले की जमिनीत साठा होतो, पुढची दोन-तीन वर्षे पाहावे लागत नाही,” असे विक्रेत्याने सांगितले होते. खर्च वाचेल म्हणून दुसऱ्या हंगामात मी खत टाकलेच नाही. चाऱ्याची तपासणी केली, तर सेलेनियम जवळजवळ मूळ पातळीवर उतरलेले. माती परीक्षणातही एकूण सेलेनियम खत टाकण्यापूर्वी होते तेवढेच निघाले. खतच बनावट असावे, असे समजून मी विक्रेत्याशी कडाक्याचे भांडण केले. तेव्हा हा अनुभव लिहिला असता, तर हे खत घेऊ नका एवढेच लिहिले असते.

नंतर शांतपणे आकडेमोड केली. मात्रा हेक्टरी 10 ग्रॅम सेलेनियमची होती आणि वरच्या 20 सेंटिमीटर थरातील मातीचे वजन हेक्टरी सुमारे 26 लाख किलो भरते. म्हणजे एका किलो मातीच्या वाट्याला जेमतेम 4 मायक्रोग्रॅम आले. बहुतेक जमिनींत एकूण सेलेनियम किलोमागे 0.1 ते 2 मिलिग्रॅम असते, त्यात एवढीशी भर अहवालात दिसणार कशी? बनावटीचा आरोप चुकीचा होता, आणि तसे मी विक्रेत्याला जाऊन सांगितले.

साठ्याचा दावा मात्र मला आजही मान्य नाही. या खतातील सेलेनेट, म्हणजे सेलेनियमचे सहज विरघळणारे रूप, मुळे सल्फेटच्याच वाटेने आत घेतात, आणि म्हणूनच त्याच शेतात अमोनियम सल्फेट टाकण्याची माझी जुनी सवयही नडली असणार. पिकाच्या हाती साधारण दहावा हिस्सा लागतो. उरलेल्यातला थोडा पाण्याबरोबर झिरपतो किंवा सूक्ष्मजीवांमुळे वायुरूपाने उडतो. पण बराचसा सेलेनाइट या मातीला धरून राहणाऱ्या रूपात बदलून लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटतो किंवा सेंद्रिय पदार्थांत अडकतो, विशेषतः आम्ल जमिनीत. तो जमिनीत असतो, पण मुळांच्या फारसा उपयोगी पडत नाही. फिनलंडने 1984 पासून देशभरच्या खतांत सोडियम सेलेनेट मिसळले. लोकांच्या आहारातील प्रमाण गरजेपेक्षा वाढल्यावर 1990 मध्ये खताच्या किलोमागची मात्रा 6 मिलिग्रॅमवर आणली, 1998 मध्ये ती 10 आणि 2007 मध्ये 15 केली. एवढ्या वर्षांनंतरही तेथे ते दर हंगामाला द्यावेच लागते. जे जगाला ठाऊक आहे, ते पोत्यावर छापायला काय हरकत होती?

पैसे वाया जाण्याच्या चिंतेइतकीच मला मातीचीही चिंता होती. काहीही बाहेर गेले नाही असे धरले, तरी याच मात्रेने 100 वर्षांत किलोमागे सुमारे 0.4 मिलिग्रॅमची भर पडेल, त्यामुळे माझी भीती बरीच कमी झाली. ती पूर्ण गेलेली नाही, कारण चुना टाकून सामू (pH) वाढवला, म्हणजे जमिनीची आम्लता कमी केली, की चिकटलेला काही भाग पुन्हा सुटा होऊ शकतो. कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयात शेतांतून निचरा होऊन आलेल्या सेलेनियममुळे 1983 मध्ये पक्ष्यांची पिल्ले विकृत निपजलेली आढळली. ते सेलेनियम खताचे नव्हते, जमिनीतले नैसर्गिक होते, आणि तेथील प्रमाण कितीतरी पटींनी मोठे होते. तरीही शेताच्या कडेच्या चरातील पाणी मी आता तपासून घेतो.

तिसऱ्या हंगामात खत पुन्हा टाकले, मात्रा तीच, अमोनियम सल्फेट वगळून. एक पट्टा मुद्दाम तसाच कोरा ठेवला आहे. दोन्हींकडचा चारा आणि मातीतला पाण्यात विरघळणारा भाग यांची तपासणी दर कापणीला करून घेणार आहे, कारण एकूण सेलेनियमच्या आकड्याने माझी एकदा पुरती दिशाभूल केली आहे.