मंडईच्या रात्री पाहिलेला एक चरित्र अभिनेता

मंडई या गावजत्रेनिमित्त आमच्या गावाने गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील एका नाट्यमंडळाचा प्रयोग ठरवला होता, आणि रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाललेल्या त्या प्रयोगाचे तिकीट एकट्या चरित्र अभिनेत्याने वसूल करून दिले. पहिल्या अंकात कर्जाने वाकलेला बाप साकारणारा हा नट पुढच्या अंकात गावचा विनोदी कोतवाल होऊन आला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या आईने त्याला ओळखलेच नाही. बापाच्या भूमिकेत तो धानाची लोंबी तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि दाणा पोचट निघाल्यावर काहीही न बोलता मूठ मिटतो. त्या क्षणी सारा मंडप निःशब्द झाला होता. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या या भागात, असे नट पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहेत. सुमारे ८०० निरनिराळ्या भूमिका आणि ५००० हून अधिक प्रयोग करणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्हा रसिकांना घरातल्याच माणसाचा सन्मान झाल्यासारखे वाटले. ध्वनिव्यवस्था मात्र सदोष होती. टांगलेल्या माईकपासून नट दोन पावले दूर गेला की संवाद हरवत, आणि मंडळाने हे सुधारायलाच हवे. तरीही पुढच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, हेच मंडळ बोलवावे, असे मी गावकऱ्यांना आग्रहाने सुचवले आहे.