समाजकार्यातली भाषा शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: माझा अनुभव

या अभ्यासक्रमाला मी का गेले ते आधी सांगते. धाकट्या मुलाला काही महिने निवासी संस्थेत ठेवण्याच्या कागदावर मी एका आईची सही घेतली होती. तिची भाषा मला येत नव्हती, दुभाषी मिळाला नव्हता, म्हणून तिची अकरा वर्षांची मुलगी मध्ये बसली. मी दोन मिनिटं बोलले, मुलीने चार शब्दांत सांगितलं, आईने मान हलवली. आठव्या दिवशी ती बाई मुलाचे धुतलेले कपडे पिशवीत घेऊन संस्थेच्या दारात उभी होती, त्याला घरी न्यायला. आई रडेल या भीतीने मुलीने "आठ दिवस" एवढंच सांगितलं होतं. त्या पोरीवर ते ओझं मी टाकलं होतं.

गेली चौदा वर्षं मी कुटुंबांसोबत काम करते, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) मुलांचं फिल्डवर्कही बघते. त्यामुळे भाषा आणि सामाजिक न्याय यांवरचा सहा आठवड्यांचा हा वर्ग दिसला तेव्हा लगेच नाव नोंदवलं. आठवड्याला दोन संध्याकाळी थेट तास, शिवाय रेकॉर्डिंग.

पहिला आठवडा व्याख्यांचा. २०१४ साली मेलबर्नमध्ये स्वीकारलेली समाजकार्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या २००० सालच्या व्याख्येशेजारी ठेवून वाचायला लावली. मानवी नातेसंबंधांतल्या समस्या सोडवण्याचा जुना उल्लेख नव्या व्याख्येत नाही; सामूहिक जबाबदारी आणि देशज ज्ञान, म्हणजे मूळ स्थानिक समाजांचं पिढीजात ज्ञान, आलं आहे. मला इथे थांबायचं होतं. देशज ज्ञान मानायचं, तर ते ज्या भाषेत आहे त्या भाषेतली नोंद आपण का मानत नाही? पण तास पुढे गेला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्याच जुन्या नोंदी आणायच्या होत्या, नावं-गावं काढून. त्यातल्या ज्या शब्दांत निकाल दडलाय ते अधोरेखित करायचे. माझ्या एका नोंदीत होतं, "लाभार्थी सहकार्य करत नाही, गृहभेट टाळते." प्रशिक्षक बाईंनी विचारलं, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंत? मी पाहिलं होतं ते असं: तीन वेळा गेले, तिन्ही वेळा दुपारी, तिन्ही वेळा दाराला कुलूप. आणि त्याच फाइलच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की बाई सकाळी कामाला जाते, संध्याकाळी परतते. ते वाक्य पुढे कुणी वाचलं असतं, तर मदत थांबवायला तेवढं पुरेसं होतं. "लाभार्थी" हा शब्दही मी आता वापरत नाही. हक्काचं मागायला आलेल्या माणसाला तो घेणारा करून टाकतो.

चौथा आठवडा सगळ्यात मोलाचा. दुभाष्यासोबत कसं बसायचं इथपासून शिकवलं. तिघांनी त्रिकोणात बसायचं, बघायचं समोरच्या बाईकडे, दुभाष्याकडे नाही. "तिला विचार की..." असं म्हणायचं नाही, थेट तिच्याशी बोलायचं. छोटी वाक्यं, मग थांबणं. भेटीआधी दुभाष्याला विषय सांगायचा, आणि भेट संपल्यावर दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवायची, कारण ऐकलेलं दुःख त्यालाही लागतं. घरातलं मूल दुभाषी म्हणून बसवायचं नाही, हे तर पहिल्याच मिनिटाला.

"समजलं का?" हा प्रश्न त्यांनी बंदच केला. त्यावर माणूस हो म्हणतो आणि कागद पुढे सरकतो. त्याऐवजी म्हणायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बहिणीला हे कसं सांगाल?" सरावात मी हे वाक्य म्हटलं आणि घसा दाटला. त्या दिवशी एवढं विचारलं असतं, तर आठ दिवसांचा घोळ तिथल्या तिथे कळला असता.

आता खटकलेलं. खाणाखुणांच्या भाषेला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार बोलल्या जाणाऱ्या भाषेइतकीच खाणाखुणांची भाषाही भाषा मानतो. अशा विषयाला पूर्ण संध्याकाळ हवी होती.

आणि मोठी तक्रार: सगळं लेखी काम फक्त इंग्रजीत. मी एका संवादाची नोंद बाई जशी बोलली तशी मराठीत लिहून खाली इंग्रजी दिलं, तर मूळ काढून टाका असा शेरा आला. "जीव टांगणीला लागलाय" याचं मी इंग्रजीत जे केलं त्यात नुसती काळजी उरली, आणि गुण त्या काळजीला मिळाले. आमच्या गटातली एक कार्यकर्ती तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. चार भाषांत वस्त्यांमध्ये बैठका घेणारी बाई, पण इंग्रजीत निबंध जमेना. दुभाष्याच्या तासात आम्हाला सगळ्यांत जास्त तीच शिकवू शकली असती. भाषेचा न्याय शिकवणाऱ्यांनी तिला तोंडी किंवा तिच्या भाषेत काम देऊ दिलं नाही, याचा मला राग आहे आणि तो मी अभिप्रायात लिहिला. पुढच्या तुकडीसाठी विचार करू, असं उत्तर आलं.

तरीही फिल्डवर्क बघणाऱ्या प्रत्येकाने हा वर्ग करावा असं मी म्हणेन. नुकतेच कामाला लागलेल्यांनी तर नक्कीच. इंग्रजी लिहायची सवय नसेल तर नाव नोंदवण्याआधीच तोंडी कामाची सवलत लेखी मागून घ्या. रेकॉर्डिंग महिनाभरच उघडं राहतं, तेव्हा वेळ कमी असेल तर चौथा आठवडा आधी बघा आणि सोबत स्वतःची एक जुनी फाइल घेऊन बसा.